काँक्रीटला 40 अंशांची मर्यादा आहे, मजुराला का नाही? : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



होळी चार दिवसांवर आली आहे. नागपुरात होळी आटोपली की कूलर माळ्यावरून खाली येतात, गेल्या वर्षीच्या वाळलेल्या ताट्या बदलल्या जातात, चौकाचौकांत माठवाले बसतात. घरोघरचा उन्हाळा असा तयारीने सुरू होतो. बांधकामावरचा उन्हाळा तसाच येऊन पडतो, आणि आमची कामे नेमकी याच दिवसांत जोर धरतात. पावसाआधी पाया वर आला पाहिजे, स्लॅब टाकून झाला पाहिजे, बाहेरचे प्लास्टर उरकले पाहिजे. मार्च ते जून हाच आमचा हंगाम. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे. एप्रिलच्या शेवटी लिहिलेल्या पत्राला उत्तर येईपर्यंत मृग लागलेला असतो.

मी स्थापत्य अभियंता. एकतीस वर्षे नागपूर, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात साइटवर काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या एकतीस वर्षांतल्या एका दुपारबद्दल आपल्याला सांगायचे आहे.

2013 चा मे महिना. त्याच महिन्याच्या 23 तारखेला नागपूरचे तापमान 47.9 अंशांवर गेले होते. हवामान खात्याच्या दप्तरात तो आकडा आहे. त्याच आठवड्यात एका तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या स्लॅबचे काम होते. पहाटे सहाला सुरुवात करून अकराच्या आत संपवायचे ठरले होते. पण मिक्सर मध्येच बंद पडला, दुरुस्तीत दोन तास गेले, आणि स्लॅब अर्धा टाकून सोडता येत नाही. अर्धवट सोडला तर सांधा राहतो आणि पुढे त्या सांध्यातून पाणी झिरपते. म्हणून काम चालूच ठेवले. लोखंडी प्लेटांवर पाय ठरत नव्हता. सळईला उघडा हात लावला की तळवा भाजत होता.

घमेली पुढे देणाऱ्या साखळीत बालाघाटकडून आलेला बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. कामावरचा त्याचा चौथा दिवस. त्याआधी महिनाभर गावी, घरातल्या लग्नात. साधारण एक वाजता तो मागच्याला विचारू लागला, ‘मेरा घमेला किधर गया?’ घमेले त्याच्या हातातच होते. साखळीतली माणसे हसली. थोड्या वेळाने तो वाकडा चालू लागला. मी मुकादमाला म्हणालो, याला ऊन लागले की काय? मुकादम म्हणाला, ‘ऊन नाही लागलं साहेब, घाम तर येऊन राहिला.’ मलाही ते पटले. ऊन लागलेल्याची कातडी कोरडी पडते, हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलेलो. त्याला सिमेंट ठेवायच्या टिनाच्या शेडमध्ये निजवले. ग्लुकोजचे पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते ओठांच्या कडेने बाहेर आले. ऑटो यायला चाळीस मिनिटे लागली. रात्र व्हायच्या आत तो गेला.

त्या शेडपासून पंधरा फुटांवर पाण्याचे दोन भरलेले ड्रम होते. कॉलमला गुंडाळायची गोणपाटे त्यांत भिजत घातली होती. ती गोणपाटे दर दोन तासांनी बदलली जातात की नाही, यावर त्या दिवशीसुद्धा माझे लक्ष होते. त्यातले एक ओले गोणपाट उचलून त्या मुलाच्या अंगावर टाकावे, ड्रममधले पाणी त्याच्यावर ओतावे, हे मला सुचले नाही. पुढे डॉक्टरांकडून कळले की वाचवायचे असेल तर तेच करायला हवे होते. आधी थंड करायचे, मग दवाखान्यात न्यायचे. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात घाम चालूच राहू शकतो. घामापेक्षा माणसाचे बोलणे पाहायचे असते. बोलणे भरकटले, चाल बिघडली, म्हणजे शरीराच्या आतला ताप 40 अंशांच्या पुढे गेला आहे असे समजून पुढचा अर्धा तास धावपळ करायची. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आणि त्यानंतरच्या नोकरीत हे मला कोणी शिकवले नव्हते.

मंत्री महोदय, मला शिकवले होते ते काँक्रीटचे. आयएस 7861, भाग 1 हे भारतीय मानक 1975 पासून आहे. हवेचे तापमान 40 अंशांच्या वर असताना काँक्रीट कसे घालायचे, ते त्यात लिहिले आहे. खडी सावलीत ठेवा, तिच्यावर पाणी मारा, मिश्रणाच्या पाण्यात बर्फ घाला, घालताना काँक्रीटचे तापमान 40 च्या वर जाऊ देऊ नका, शक्यतो संध्याकाळी किंवा रात्री काम करा. आयएस 456 सांगते की कोरड्या आणि उष्ण हवेत काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवा. हे नियम योग्यच आहेत. काँक्रीटमधले पाणी उन्हाने उडून गेले तर ते तडकते, त्याला ताकद येत नाही. मी स्वतः हे नियम काटेकोरपणे पाळले आणि हाताखालच्या पोरांकडून पाळून घेतले. बर्फाच्या लाद्या मागवल्या आणि त्या मिक्सरमध्ये टाकायला लावल्या. त्या लाद्या खांद्यावरून वाहून आणणाऱ्या मजुराचे तापमान किती झाल्यावर काम थांबवायचे, हा आकडा एकतीस वर्षांत माझ्यापुढे कोणत्याही तपासनिसाने ठेवला नाही. माझ्या रजिस्टरमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

हा रकाना तयार करा, एवढेच माझे मागणे आहे. त्यामागची कारणे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या खात्यातून दर उन्हाळ्यात निघणाऱ्या सूचनांत ती दिसत नाहीत.

माणूस काम करतो तेव्हा त्याने खर्च केलेल्या ताकदीतला जेमतेम पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरतो. बाकीची अंगातच उष्णता होते. घाम सुकताना ती बाहेर पडते. एक लिटर घाम सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे बाहेरचे ऊन हे दुखण्याचे एक टोक, आणि अंगातली भट्टी हे दुसरे. रस्त्यावरून छत्री घेऊन जाणाऱ्याला 43 अंशांत जे होते, त्याच 43 अंशांत पंचवीस किलोचे घमेले घेऊन शिडी चढणाऱ्याला त्याहून किती तरी जास्त होते. शिवाय हवामान खात्याचा 43 हा आकडा सावलीतला असतो. पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, वारा खेळता ठेवून घेतलेला. स्लॅबवर सावली नसते, आणि खालच्या प्लेटा उन्हाची धग परत वर फेकत असतात. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंशांची नोंद केली आणि देशभर चर्चा झाली. यंत्र बिघडले होते असे पुढे स्पष्ट झाले. आकडा खरा की खोटा यावर शहराने दोन दिवस घालवले. त्या दोन दिवसांत मजुरांच्या ठिय्यावर रोज सकाळी तितकीच माणसे उभी होती.

विदर्भाचे ऊन कोरडे आहे. घाम फुटतो आणि लगेच उडून जातो, अंग ओले दिसत नाही, त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात उलटे. तिथे पारा 35 च्या आसपास असतो, बातमी होत नाही, पण दमट हवेत घाम सुकतच नाही आणि उष्णता अंगातच कोंडते. म्हणून नुसत्या पाऱ्यावर नियम बांधता येत नाही. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचे, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचे आणि साध्या थर्मामीटरचे वाचन एकत्र करून एक निर्देशांक काढतात. त्यात 70 टक्के भार ओल्या फडक्याचा, 20 टक्के काळ्या गोळ्याचा, 10 टक्के साध्याचा. हे मोजणारे यंत्र हातात मावते. काँक्रीटचे ठोकळे फोडून पाहायला प्रत्येक मोठ्या साइटवर यंत्र असते, तसे हेही ठेवता येईल.

खारघरची 16 एप्रिल 2023 ची दुपार आपण विसरला नसाल. उघड्या मैदानातल्या सोहळ्यात ऊन लागून 14 माणसे गेली. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 या वेळेत खुल्या जागेवर कार्यक्रम घेऊ नयेत, असे सरकारने जाहीर केले. निर्णय चांगला होता आणि तो काही दिवसांत झाला. खारघरला जमलेले लोक बसलेले होते. त्याच दिवशी, त्याच वेळी आजूबाजूच्या टॉवरवर माणसे उभी राहून ओझी वाहत होती. 12 ते 5 ही वेळ बसलेल्या माणसाला घातक आहे हे शासनाने मान्य केले आहे. मग विटा वाहणाऱ्यासाठी ती वेगळी कशी?

आता कामाचे बोलतो. ठेकेदार म्हणतात, दुपारी काम थांबवले तर काम मागे पडते. मी ठेकेदारांच्याच बाजूने उभे राहून आयुष्य काढले आहे आणि त्यांचे बिल, त्यांच्यामागचा तगादा, सगळे मला ठाऊक आहे. पण मे महिन्यात सकाळी सात ते अकरा या चार तासांत मिस्त्री जेवढी भिंत उभी करतो, तेवढी अकरा ते पाच या सहा तासांत होत नाही. आणि दुपारची भिंत सकाळच्यासारखी ओळंब्यात नसते. मसाला थापीवरच सुकतो, विटा भिजवायला कोणी उठत नाही, सांधे पोकळ राहतात. संध्याकाळी त्यातली काही तोडावी लागते. सेंट्रिंगवाल्याची हातोडी बोटावर बसते ती दुपारीच. परांचीवरून पाय सटकतो तोही दुपारी. त्याची नोंद ‘उंचावरून पडून’ अशी होते; चक्कर आली होती हे त्या नोंदीत कुठेच येत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 साली हिशेब मांडला होता. 1995 मध्ये भारताचे 4.3 टक्के कामाचे तास उष्णतेमुळे वाया गेले आणि 2030 मध्ये 5.8 टक्के जातील. म्हणजे 3 कोटी 40 लाख माणसांच्या पूर्णवेळ कामाइतके. शेती आणि बांधकाम या दोन धंद्यांना सर्वाधिक झळ लागते असेही त्यात म्हटले आहे. तास आजही जातच आहेत. फरक इतकाच की आज ते मजुराच्या शरीरातून वजा होतात आणि ठेकेदाराच्या वहीत दिसत नाहीत.

शरीरातून कसे वजा होतात, तेही पाहा. ऊन लागून त्या दिवशीच मेलेला माणूस निदान मोजला जाण्याची शक्यता तरी असते. रोज थोडा थोडा सुकणारा माणूस मोजलाच जात नाही. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होतात, हे डॉक्टरांनी वर्षानुवर्षे नोंदवले आहे. आखातात बांधकामावर राबून परतलेल्या नेपाळी तरुणांचेही तसेच झाले. उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट यांचा त्यात मोठा हात असल्याचे मानले जाते. आमच्याकडे चाळिशीतच कंबरदुखी आणि लघवीची जळजळ घेऊन गावी कायमचे परतलेले मिस्त्री मी किती तरी पाहिले. त्यांच्या मूत्रपिंडांची तपासणी कोणी केली असेल असे मला वाटत नाही.

रेजांचे, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायकांचे, दुःख आणखी निराळे. त्या पाणी पीतच नाहीत. माठ भरलेला असतो, ग्लास ठेवलेला असतो, तरी पीत नाहीत, कारण साइटवर त्यांना जायला जागा नसते. सकाळी अंधारात जाऊन येतात, मग संध्याकाळी अंधार पडल्यावरच. एका रेजाला मी एकदा म्हटले होते, बाई, पाणी पीत जा. तिने वर न पाहता उत्तर दिले, ‘पानी पियूंगी तो जाऊंगी कहाँ?’ त्या इमारतीच्या नकाशात 24 संडास होते आणि एकही वापरण्याजोगा झालेला नव्हता. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात पिण्याच्या पाण्याची आणि संडासाची तरतूद स्पष्ट शब्दांत होती, तरी ही स्थिती. त्यात बाई पोटुशी असली तर? तमिळनाडूत सुमारे 800 गर्भवती कामकरी स्त्रियांची पाहणी झाली. ती 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. उष्णतेत काम करणाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण 5 टक्के निघाले, तशा उष्णतेत काम न करणाऱ्यांत 2 टक्के.

दर उन्हाळ्यात एक प्रसिद्धिपत्रक निघते. दुपारी 12 ते 4 उन्हात जाणे टाळावे, भरपूर पाणी प्यावे, सैल सुती कपडे वापरावेत. अहमदाबादेने 2010 च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे 1,344 जास्त मृत्यू पाहिले आणि 2013 साली उष्णता कृती आराखडा केला. पुढे नागपूरनेही आपला आराखडा केला. इशारे वेळेवर येऊ लागले, दवाखान्यांत खाटा राखीव राहू लागल्या. हे काम मोलाचे आहे आणि त्याने जीव वाचले आहेत. पण ‘टाळावे’ हा शब्द हजेरीवर जगणाऱ्याला लागू पडत नाही. दुपारी घरी गेला तर अर्धी हजेरी कापली जाते. आठवड्याच्या खर्चीत तेवढे कमी पडतात, आणि बाजाराच्या दिवशी तेल-मिठात कपात होते. तो उन्हात थांबतो तो ऊन कळत नाही म्हणून थांबत नाही.

म्हणून आदेशात पहिले वाक्य हजेरीचे हवे. ठरलेल्या मर्यादेपुढे काम थांबेल आणि हजेरी तुटणार नाही. बाकी सारे यानंतर.

हे अशक्य नाही. केरळचे कामगार खाते दर उन्हाळ्यात आदेश काढून कामाच्या वेळा बदलते आणि दुपारी 12 ते 3 उन्हातल्या कामगारांना विश्रांती देते. दिल्लीत मे 2024 मध्ये उपराज्यपालांनी बांधकाम मजुरांना 12 ते 3 पगारी विश्रांतीचे निर्देश दिले. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर काम करायला बंदी आहे. शिवाय मी वर सांगितलेला निर्देशांक 32.1 च्या वर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवायचे, असा 2021 पासून तिथे नियम आहे. कोकणातून आखातात गेलेल्या किती तरी माणसांना ही दुपारची बंदी अंगवळणी पडली आहे. दोह्यात राबणाऱ्या मजुराला जे संरक्षण आहे, ते त्याच्या पनवेलमध्ये राबणाऱ्या भावाला नाही.

वेळेचे गणितही बसते. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि सात वाजेपर्यंत उजेड असतो. सकाळी 6 ते 11 आणि दुपारी 4 ते 7 असे आठ तास सहज निघतात. अडचण एवढीच की वेळ बदलली की रेजांना उठावे लागते पहाटे तीनला. स्वयंपाक त्यांनाच करायचा असतो, पोरांचेही त्यांनाच पाहायचे असते. त्यामुळे वेळा बदलताना सकाळचे जेवण साइटवर मिळायला हवे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने पूर्वी मध्यान्ह भोजनाची योजना चालवली होती. उन्हाळ्याचे तीन महिने तसेच जेवण सकाळी दहाला द्यावे.

आणि 11 ते 4 माणसांनी बसायचे कुठे, हेही आदेशात लिहावे लागेल, नाहीतर विश्रांती टिनाच्या झोपडीत होईल. मजुरांच्या टिनाच्या झोपड्या दुपारी बाहेरच्यापेक्षा तापतात आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाहीत. रात्री शरीर निवले नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन दुप्पट बाधते. अनुभवाची गोष्ट सांगतो : बांधकामावर सगळ्यांत थंड जागा म्हणजे बांधून झालेला तळमजला किंवा पार्किंग. वर स्लॅब असतो, त्याच्यावर ओलावा टिकवायला पाणी साठवलेले असते, चारी बाजू मोकळ्या असतात. त्या जागेत सिमेंटची पोती रचली जातात, कारण सिमेंटला ओल आणि ऊन लागू द्यायचे नसते. पोती अर्ध्या जागेत रचावीत. उरलेल्या अर्ध्यात एक मोठा कूलर, दोन रांजण, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, आणि शक्य असेल तिथे पन्हे किंवा आंबील. जवळच एक ड्रम पाणी आणि भिजलेली गोणपाटे, फक्त माणसांसाठी. दर मुकादमाला एक दिवसाचे प्रशिक्षण : बोलणे भरकटले की काय करायचे.

नव्या माणसाचे विसरू नये. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हाने होणारे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच जास्त होतात, हे अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने तपासून सांगितले आहे; तिथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्याएवढेच काम द्या आणि रोज थोडे वाढवा, अशी शिफारस आहे. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सगळ्यांत जड काम मिळते, कारण त्याला दुसरे काही येत नसते. मंडळाकडे नोंदणीला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. उन्हाचा सर्वाधिक धोका असलेला माणूस चौथ्या दिवशीचा असतो, आणि 90 दिवसांची अट त्याला मंडळाच्या दाराबाहेर ठेवते. तो बालाघाटचा मुलगा असाच बाहेर राहिला. त्याच्या कागदावर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे लिहिले गेले. ठेकेदाराने गाडीभाडे आणि वर काही रुपये दिले. त्याचा मोठा भाऊ मृतदेह घेऊन गेला आणि जाताना मला नमस्कार करून गेला.

नोंदणी असलेल्यांचेही ऐका. मंडळाच्या योजनेत कामावर असताना मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख रुपये मिळतात, नैसर्गिक मृत्यूला 2 लाख. स्लॅबवर उष्माघाताने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे आले की त्याला नैसर्गिक ठरवणे सोपे होते. तेव्हा मार्च ते जून या काळात कामावर कोसळलेल्या प्रत्येक माणसाचे आतले तापमान दवाखान्यात पोहोचताच नोंदवावे, आणि उष्माघात हा कामावरचा अपघात समजावा. आरोग्य खात्याशी एकदा बसून हे ठरवता येईल.

पैशाचे कारण कोणी आपल्यापुढे ठेवले तर एवढे लक्षात असू द्या. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर आम्ही भरतो. दहा कोटींच्या इमारतीमागे दहा लाख. हा पैसा मंडळाकडे जातो आणि तो कायद्याने फक्त या कामगारांचाच आहे. मंडळाने त्यातून भांड्यांचे संच दिले, सुरक्षा पेट्या दिल्या, पोरांना शिष्यवृत्त्या दिल्या. शिष्यवृत्तीने शिकलेली पोरे मी स्वतः पाहिली आहेत, त्यामुळे मंडळाबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्याच पैशातून उन्हाळ्याचे सकाळचे जेवण, कूलर आणि मुकादमांचे प्रशिक्षण व्हावे. हजेरीचा भार ठेकेदारावर राहील. आणि सकाळ-संध्याकाळच्या आठ तासांत दिवसाचे काम निघत असेल, तर तो भारही फारसा उरत नाही. 1996 च्या कायद्याची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे आणि राज्याचे नियम राज्याच्या हातात आहेत. त्या नियमांत तापमानाचा एक आकडा घालायचा आहे. काँक्रीटसाठी तो आपण पन्नास वर्षांपूर्वीच घातला.

हा आदेश केवळ मोठ्या टॉवरपुरता नसावा, अशीही विनंती आहे. मोठ्या साइटवर निदान सुरक्षा अधिकारी असतो. माणसे मरतात ती गल्लीतल्या दोन मजली घरावर, शासनाच्याच रस्त्यांवर आणि नाल्यांच्या कामांवर. सुरुवात सरकारी कामांपासून करावी. निविदेच्या अटींत दुपारची पगारी विश्रांती घातली की ठेकेदार ती दरात धरतो. त्याला ते जमते, त्याने आजवर किती तरी अटी अशाच धरल्या आहेत.

आणि हे पत्र वाचणाऱ्या, घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाला सांगणे आहे. आदेश निघेल तेव्हा निघेल. आपल्या साइटवर दुपारी अकरानंतर काम थांबवा असे ठेकेदाराला आजच सांगा आणि हजेरी कापू नको हेही सांगा. घर आठ दिवस उशिरा झाले तरी चालेल.

मंत्री महोदय, आदेश पाडव्याच्या आत निघावा. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेला लागतो.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनिअर,
नागपूर